शोभनाताई आणि माझी दोन सभागृहं

यंदाच्या गणपतीत जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये अग्निशमन दलाचे तीन बंब आले, ते माझ्यामुळे.

एकच बंब आला असता तर 'जरासा धूर झाला' म्हणून मी विषय मिटवला असता. दोन आले असते तर मंडळातल्या कुमारवर ढकललं असतं, कारण कापूर त्याने आणला होता. पण तीन बंब रांगेत उभे असले आणि त्यातून हेल्मेट घातलेली अकरा माणसं उतरली, की माणसाला खरं बोलावं लागतं.

आमचं मंडळ लहान आहे. एकोणीस कुटुंबं, त्यातली बरीचशी इंजिनियर किंवा सॉफ्टवेअरवाली. वस्तीतल्या नागरिक भवनाचा हॉल आम्हाला वर्षातून दोनदा मिळतो, गणपतीला आणि दिवाळीला. गेली बावीस वर्षं हे सगळं शोभनाताई वझे एकहाती करत आल्या आहेत, आणि यंदा मी त्यांना म्हणालो, "ताई, या वर्षी तुम्ही निवांत बसा. मी बघतो."

मी 'बघतो' म्हटलं की पुढे ते दुसऱ्या कोणालातरी बघावं लागतं, असं माझी बायको अपूर्वा म्हणते. आठवीत असल्यापासूनची माझी उदाहरणं तिने माझ्या आईकडून गोळा केली आहेत.

शोभनाताईंनी मला आपल्या अक्षरात अकरा कलमांची यादी करून दिली. मी तिचा फोटो काढला. फोनवर उघडल्यावर त्यातली चार कलमं दिसत होती. ती चारही मी अगदी मन लावून पार पाडली. बोट वर सरकवलं की पुढची सात दिसतात, हे मला नंतर कळलं. सातवं असं होतं: 'हॉलच्या क्रेमरना तीन दिवस आधी फोन. आरतीपुरता धुराचा अलार्म बंद करायला सांगणे. शेजारी मी अग्निशामक घेऊन उभी राहणे.'

आता हे खरं आहे की दर वर्षी आरतीच्या वेळी ताई तो लाल सिलिंडर हातात घेऊन मूर्तीच्या डाव्या बाजूला उभ्या असायच्या. सहा वर्षं मी ते पाहत होतो. मला वाटायचं, असेल त्यांची काहीतरी पद्धत. कोणी चवरी धरतं, या हे धरतात.

त्यातून हॉल मोठा, मूर्ती मोठी, तेव्हा कापूरही मोठा हवा असा विचार करून मी अख्खा डबा ताम्हणात ओतला. इथे नमूद करायला हवं की मी पोटापाण्यासाठी गाड्यांचा धूर मोजतो. कोणत्या इंजिनातून किती धूर निघाला तर अलार्म वाजतो, हे सांगण्यासाठी एक जर्मन कंपनी मला दरमहा पगार देते.

बंबवाले आत शिरले तेव्हा आमचं लोटांगणाचं कडवं चालू होतं. अर्धी मंडळी जमिनीवर होती. त्यांच्या प्रमुखाने दारातच थांबून आमच्याकडे पाहिलं. धूर झाल्यावर जमिनीलगत राहावं, हे तो पंचवीस वर्षं शाळाशाळांतून शिकवत होता म्हणे, पण इतक्या लोकांनी ते इतक्या शिस्तीत केलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने हेल्मेट काढून विचारलं, "इथे जबाबदार कोण?"

ऐंशी माणसांनी एकदम मान वळवली, आणि ती माझ्याकडे नाही, शोभनाताईंकडे. गेल्या बावीस वर्षांची ती सवय होती. मी तोंड उघडेपर्यंत ताईंनी हात वर केला होता. "मी," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, आणि पदर खोचून त्याच्याबरोबर बाहेर गेल्या.

शोभनाताई एक्क्याण्णव साली नवऱ्यामागोमाग इथे आल्या. वझेकाका विद्यापीठात संशोधन करायचे, आणि करता करता ते इतके विचारात असायचे की घराचा भाडेकरार, विम्याची कागदपत्रं, मुलीची शाळा हे सगळं जर्मन न येणाऱ्या ताईंवर येऊन पडलं. त्या जर्मन शिकल्या त्या अर्ज भरता भरता. त्यामुळे त्यांचं जर्मन आजही थोडं अर्जासारखंच आहे. 'तुमची तब्येत कशी आहे' हेसुद्धा त्या असं विचारतात की समोरच्याने जन्मतारीख सांगावी.

पुढे त्यांनी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षात चोवीस वर्षं नोकरी केली. या नोकरीमुळे अर्धं गाव त्यांना तोंडाने ओळखतं, म्हणजे त्या गावाचं तोंड ओळखतात. टपाल कार्यालयातल्या बाईंची वरची दाढ, शाळेच्या मुख्याध्यापकांची कवळी, सगळं त्यांना ठाऊक. नागरिक भवनाचे हाउसमाइस्टर, म्हणजे तिथल्या किल्ल्यांपासून नळांपर्यंत सगळ्याचे मालक असल्यासारखे वागणारे हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर यांना दंतवैद्याची भयंकर भीती. वाट पाहत बसावं लागलं की ते उठून घरी जायचे. म्हणून ताई त्यांना कायम सकाळची पहिली वेळ द्यायच्या. आपल्याला इतका स्वस्त आणि मोक्याचा हॉल का मिळतो यावर आमच्या मंडळात बरेच सिद्धांत होते. मी स्वतः मानत होतो की जर्मनांना भारतीय संस्कृतीचं आकर्षण आहे.

वझेकाका आठ वर्षांपूर्वी गेले. मुलगी हॅम्बुर्गला असते, रविवारी फोन करते. आई मराठीत बोलते, लेक जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं छान चालतं. यंदा मार्चमध्ये दवाखानाही सुटला, ताई निवृत्त झाल्या. राहिलं होतं मंडळ. घराखालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आपल्या खणात, त्यांनी मंडळाची मोठी पातेली, समया आणि सतरंज्या ठेवल्या आहेत, आणि प्रत्येकावर आतमध्ये काय आहे त्याची चिठ्ठी आहे. रिकाम्या पातेल्यावर 'रिकामं' अशी.

बंब गेल्यावर हेर क्रेमर आले. ते ओरडले नाहीत. ते हळू आवाजात बोलले, आणि इथे दहा वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा, ओरडलेलं परवडलं. दिवाळीसाठी नवा अर्ज, ते म्हणाले. तीस सप्टेंबरला दुपारी बाराच्या आत. त्यावर जबाबदार म्हणून एका माणसाचं नाव. मंडळ नको, समिती नको, माणूस हवा. नाहीतर दिवाळीचा शनिवार ससेपालकांच्या संघाला. ते चार वर्षं त्यांच्या प्रदर्शनासाठी तो मागतच होते.

मला दोन रात्री झोप लागली नाही. मी केलेल्या धुराचा जबाब सदुसष्ट वर्षांच्या बाईंनी द्यावा, हे काही बरं नव्हतं. यापुढे ताईंवर कसलाही बोल येता कामा नये, असं मी ठरवलं. माझे हेतू चांगले होते. माझ्या हातून झालेल्या सगळ्या नुकसानीच्या मुळाशी चांगले हेतूच सापडतात.

उपाय मला सापडला तो नेदरलँडमध्ये. सप्टेंबरच्या मध्यावर कंपनीच्या कामासाठी मी डेल्फ्टला गेलो होतो आणि मंगळवारी एका डच सहकाऱ्याने मला शेजारच्या द हेगला नेलं. तिथे सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी राजा संसदेचं वर्ष सुरू करतो. बग्गी, घोडे, बँड, टोप्या. मला राजा दिसला नाही. माझ्यापुढे उभ्या बाईंची टोपी दिसली. संसदेच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती काढली आहे, म्हणून राजाचं भाषण नाट्यगृहात होतं. इथे जर्मनीतही राष्ट्रपती आहे, पण बग्गी नाही, त्यामुळे माझं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

त्या सहकाऱ्याने मला रचना समजावून सांगितली. संसदेत दोन सभागृहं. एकात दीडशे सभासद, लोकांनी थेट निवडलेले. कायदे तिथे घासूनपुसून तयार होतात. दुसऱ्यात पंचाहत्तर, त्यांना प्रांतांच्या विधिमंडळांतले लोक निवडतात. त्यांनी आलेल्या कायद्याला फक्त हो म्हणायचं किंवा नाही, त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. यातल्या पहिल्याला ते दुसरं म्हणतात आणि दुसऱ्याला पहिलं, ते का हे मी विचारलं नाही. दोन्हींकडून पार पडलं की राजाची सही, आणि तिच्या शेजारी मंत्र्याची. "आणि काही चुकलं तर?" मी विचारलं. "तर मंत्री जबाबदार," तो म्हणाला. "राजाला कोणी काही बोलू शकत नाही. घटनेतच आहे."

मला तिथेच, त्या टोपीच्या मागे, शोभनाताई दिसल्या.

परतीच्या गाडीत मी आमच्या मंडळाची घटना लिहायला घेतली. कोलोनपर्यंत कनिष्ठ सभागृह झालं. पुढे गाडी एका शेताजवळ पाऊण तास थांबली, त्यात वरिष्ठ सभागृहही झालं. फ्रँकफुर्टला उतरलो तेव्हा चौदा पानं झाली होती आणि मी पंतप्रधान होतो.

शनिवारी आमच्या घरी सभा भरली. मी टीव्हीवर आकृती दाखवली. कनिष्ठ सभागृहात बारा कुटुंबं. वरिष्ठ सभागृहात पाच, ज्यांना इथे वीस वर्षं झाली आहेत. तशी तीनच निघाली म्हणून दोघांना अठराव्या वर्षी सवलत दिली. या सभागृहाचे अध्यक्ष श्रीरंगकाका, जे गेली पाच वर्षं कोणत्याही गोष्टीला 'बघू' म्हणत आले आहेत. त्यांना मी फक्त पद दिलं. एक पंतप्रधान. आणि सर्वांच्या वर, कसलाही त्रास न होणाऱ्या जागी, शोभनाताई.

कुमारने बोटांवर हिशेब केला. "बारा, पाच, एक आणि एक. एकोणीस झाले. मग जनता कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्च्या कोण लावणार?"

त्याला आम्ही विरोधी पक्षनेता केलं.

सगळे ताईंकडे वळले. त्या साबुदाणा वडे घेऊन आल्या होत्या आणि डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. "ताई, तुम्हाला चालेल ना?" मी विचारलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मराठीत 'बरं'चे किती प्रकार आहेत हे मला अपूर्वाने त्या संध्याकाळी समजावून सांगितलं. सभेत मी त्याचा एकच प्रकार धरून टाळ्या वाजवल्या होत्या.

लगेच सिंहासनावरून भाषण ठेवलं होतं. आमच्या घरात हात असलेली खुर्ची एकच, माझी ऑफिसची, चाकांची. ताईंनी तिच्यावर बसून एक पाय जमिनीवर घट्ट रोवला, चष्मा लावला आणि मी लिहिलेला कागद वाचायला सुरुवात केली. "माझ्या मंडळाने या वर्षी ठरवलं आहे की दिवाळीचा फराळ घरी न करता विकत आणावा." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, दवाखान्यात 'डॉक्टर आज नाहीत' सांगतानाचा असावा तसा. "माझ्या मंडळाला असंही वाटतं की चकल्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत."

इथे त्यांनी चष्मा काढला. "हे मी म्हणतेय?"

"हो, पण ते तुमचं मत नसतं," मी म्हणालो. "तशी पद्धत आहे. राजा सरकारने लिहून दिलेलं वाचतो."

"मग मत कोणाचं?"

"माझं."

"मग तूच का नाही वाचत?"

"कारण मी वाचलं तर लोक ऐकत नाहीत."

ताईंनी चष्मा परत लावला आणि उरलेलं शेवटपर्यंत वाचलं. वडे मात्र त्या दिवशी नेहमीसारखे संपले नाहीत. कोणीतरी त्यांच्या हातून डबा घेऊन 'राणीसाहेब, तुम्ही बसा' म्हणालं, आणि मग तो डबा फिरवायचा कोणी हे घटनेत नव्हतं.

सोमवारी आमच्या संसदेपुढे पहिलंच विधेयक आलं: हॉलच्या अर्जावर जबाबदार म्हणून कोणाचं नाव घालायचं. घटनेप्रमाणे ते मंत्र्याचं, म्हणजे माझं. मी अर्ज नीट वाचला. त्यात आग, पाणी, फरशी, पियानो आणि 'इतर' अशी कलमं होती. पियानोपर्यंत माझी छाती शाबूत होती. 'इतर' वाचल्यावर मी कनिष्ठ सभागृहात अशी सूचना मांडली की लोकशाहीत एका माणसाला इतकं मोठं करणं बरं नाही, तेव्हा 'व्यवस्थापन समिती' असं लिहावं. ती बाराही मतांनी मंजूर झाली, कारण बाराही जण व्यवस्थापन समितीत नव्हते.

बुधवारी ते वरिष्ठ सभागृहात गेलं. श्रीरंगकाका म्हणाले, क्रेमरला माणूस हवाय, समिती नको. योग्य मुद्दा होता. पण दुरुस्ती करायचा अधिकार मीच त्यांना दिला नव्हता, म्हणून त्यांनी फक्त 'नाही' असं कळवलं, कारण न देता. शुक्रवारी आम्ही तेच विधेयक 'व्यवस्थापन समिती, एकमताने' अशी सुधारणा करून परत पाठवलं. रविवारी ते परत आलं. श्रीरंगकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा 'बघू' सोडून दुसरं काहीतरी म्हटलं होतं, आणि त्यांना ते आवडायला लागलं होतं.

तीस तारखेला, मंगळवारी सकाळी, मी नागरिक भवनाच्या कचेरीत फोन केला आणि मुदत वाढवून मागितली. कारण विचारल्यावर खरं ते सांगितलं: आमच्याकडे घटनात्मक राजेशाही आहे आणि दोन सभागृहांत मतभेद आहेत. पलीकडच्या बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हेर नागेश, हे हेस्सेन राज्य आहे. बारा वाजता ससेवाल्यांचा अर्ज उघडते."

साडेदहा वाजता मी शोभनाताईंच्या दारात होतो. त्या घरात नव्हत्या. शेजारणीने खाली बोट दाखवलं. केलरमध्ये दिव्याखाली ताई एका स्टुलावर बसल्या होत्या आणि चिंचेने समया घासत होत्या. दिवाळीला अजून जवळजवळ तीन आठवडे होते, आणि समया आधीच इतक्या लखलखत होत्या की त्यात माझा चेहरा दिसला. तो पाहण्यासारखा नव्हता.

"ताई, या घासायला समिती नेमली आहे," मी म्हणालो.

"कोण आहे त्यात?"

"ते अजून ठरायचंय."

"हं." त्या घासतच राहिल्या. "दहा दिवस झाले, नागेश. मंडळातल्या एकाचाही फोन नाही. आधी दिवसाला सहा यायचे. ताई, डबे कुठे मिळतील. ताई, मुलाला दात आलाय, ताप आलाय. ताई, हा अर्ज कसा भरू. मला वाटलं फोन बिघडला, म्हणून हॅम्बुर्गला लावून बघितला. चालू आहे."

"ताई, लोकांना वाटलं असेल, तुम्हाला आता त्रास द्यायचा नाही."

"कोणी सांगितलं त्यांना?"

घटनेचं पान तीन, कलम दोन: राणीला त्रास देऊ नये. ते मीच लिहिलं होतं.

"मार्चला दवाखान्यात केक कापला," त्या म्हणाल्या. "फुलं दिली, 'आता तुम्ही आराम करा' म्हणाले. छान लोक आहेत. तो केक कापताना जे वाटलं, ते परत तुझ्या चाकाच्या खुर्चीत बसल्यावर वाटलं. एवढंच." आणि समई उलटी करून खालची बाजू घासायला घेतली.

मी खिशातून अर्ज काढून पातेल्यावर ठेवला, 'रिकामं' या चिठ्ठीच्या बाजूला. ताईंनी हात धुतले, चष्मा लावला आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, 'इतर'सकट. मग पेन मागितलं. मोठ्या छापील अक्षरांत नाव, पत्ता, फोन, सही. चार मिनिटं लागली. माझ्या संसदेला याच कामाला आठ दिवस पुरले नव्हते. मग तिथूनच क्रेमरना फोन लावला. दाढेची चौकशी केली, थंड पाणी लागतं का विचारलं, अर्ज घेऊन नागेश येतोय म्हणाल्या, आणि थोडं ऐकून म्हणाल्या, "नाही, या वेळी कापूर मी आणणार."

मला खरोखर गहिवरून आलं. गहिवरलो की मी चुकीचं बोलतो.

"ताई, सही तुमची नको," मी म्हणालो. "परत काही झालं तर परत तुम्हीच हात वर कराल. म्हणून तर हे सगळं केलं. राणीवर काही येऊच शकत नाही. तिकडे तसंच असतं, खरंच. राजा काही ठरवत नाही, कोणाला फोन करत नाही, कशाला हात लावत नाही. नुसता चांगले कपडे घालून बसतो आणि दिसला की लोक टाळ्या वाजवतात. तो जितकं कमी करेल तितकं राज्य सुरळीत चालतं."

शोभनाताईंनी अर्जाची घडी घातली, ती माझ्या शर्टाच्या खिशात खोचली आणि वर एक थाप मारली.

"मग राजा तूच हो."